पलीकडे कोण आहे? ऑनलाइन इंग्रजी शिकणारी आपली मुले कशामुळे टिकतात



नांदेडला एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एका वडीलधाऱ्या भाऊंनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, आम्ही फोन दिले, रिचार्जचे पैसे दिले. तरी तुमच्या ऑनलाइन वर्गाला मुले राहत नाहीत असं ऐकतो. त्यांना इंग्रजी शिकायचंच नसेल तर आपण मागे का लागायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मी "परिस्थिती कठीण आहे" एवढेच पुटपुटले आणि हदगावच्या गाडीत बसले. राहिलेले ते उत्तर या अभ्यासात देत आहे.

आपली मुले आणि त्यांचे इंग्रजी

हदगाव तालुक्यातील वस्त्यांवर आंध समाजाची बरीच घरे आहेत. आंध ही महाराष्ट्रातील अनुसूचित जमात असून आपल्या भागात तिची घरची भाषा मराठीच आहे. पुढे किनवट-माहूरकडे गेले की चित्र बदलते. तिथल्या कोलाम मुलाच्या घरी कोलामी बोलतात, गोंड मुलाच्या घरी गोंडी. त्याला मराठी शाळेत भेटते, हिंदी टीव्हीवर, आणि इंग्रजी ही त्याची चौथी भाषा ठरते. ती बोलणारे माणूस त्याने समोरासमोर कधी पाहिलेले नसते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे आमची मुले इंग्रजीला अनोळखी नाहीत. फळ्यावरचे वाक्य ती सुंदर अक्षरात उतरवून घेतात. पण "तुझे नाव काय?" असे इंग्रजीत विचारले की मान खाली जाते. भाषा वहीत आहे, तोंडात नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आश्रमशाळा बंद झाल्या आणि मुले वस्तीवर परतली. त्याच वर्षी आम्ही फोनवरून इंग्रजीचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात २३ मुलांची नावे आली. दिवाळीपर्यंत ६ उरली. शाळा पुन्हा उघडल्यावरही वर्ग संध्याकाळचा म्हणून चालू राहिला, पण संख्या हलेना. भाऊंचा प्रश्न रास्तच होता.

माझी चूक : बक्षिसांचा वर्ग

मुले गळू लागली तेव्हा मी सोपा उपाय काढला. महिनाभर पूर्ण हजेरी लावणाऱ्याला रिचार्ज आणि रंगीत प्रमाणपत्र. पहिल्या महिन्यात हजेरी वाढली. दुसऱ्या महिन्यात मुले वर्गात नुसती जोडली जाऊ लागली. नाव पडद्यावर दिसायचे, मूल मात्र अंगणात खेळत असायचे. तिसऱ्या महिन्यात पैसे संपले, बक्षीस बंद केले आणि वर्ग आधीपेक्षाही ओस पडला. जी दोन मुले पूर्वी आवडीने यायची, त्यांनीही विचारले, "ताई, आता काय मिळणार?"

ही माझीच चूक होती, आणि जाणकारांनी ती फार पूर्वी दाखवून ठेवली होती. अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिले, तर बक्षिसाचे वचन मिळालेली मुले मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळत होती. आवडीचे काम त्यांच्या लेखी मजुरीचे काम झाले होते.

बक्षीस वाईटच असते असा याचा अर्थ नाही. रिचार्ज मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणते. ते नसेल तर गरीब घरातले मूल दारापर्यंतही पोहोचत नाही. पण आत बसवून ठेवण्याचे काम रिचार्ज करत नाही.

"नोकरी लागेल" हे खरे, पण कुणाला दिसते?

बक्षिसे संपल्यावर मी उपदेशाकडे वळले. "इंग्रजी आलं तर नोकरी लागेल, नाही आलं तर आयुष्यभर कापूस वेचावा लागेल." आज हे वाक्य आठवले की मला लाज वाटते. समोर बसलेल्या मुलांचे आईवडील कापूसच वेचत होते.

मात्र नोकरीच्या आशेने भाषा येते, हे खोटे नाही. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ साली कॅनडातील माँट्रियल शहरात फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. ज्यांना फ्रेंच बोलणाऱ्या शेजाऱ्यांशी मिसळावेसे वाटत होते, त्यांची भाषा अधिक चांगली होती. म्हणून भाषा शिकण्यामागे दोन हेतू मानले जाऊ लागले : एक, त्या माणसांशी जोडले जाण्याचा, दुसरा, भाषेचा उपयोग करून घेण्याचा.

पुढे १९७२ साली यास्मिन लुकमानी यांनी मुंबईतल्या ६० मराठी भाषक शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलींना इंग्रजांसारखे व्हायचे नव्हते. चांगले काम मिळावे, आपल्याच समाजात पुढे जावे, म्हणून त्यांना इंग्रजी हवे होते. आणि जिचा हा उपयोगाचा हेतू पक्का, तिचे इंग्रजीही अधिक चांगले आढळले. आपल्या मराठी मुलींनी कॅनडाचा निष्कर्ष थोडा बदलायला लावला, हे वाचून मला आनंद झाला.

मग तोच उपयोग आमच्या वस्तीवर लागू का पडला नाही? मला वाटते, मुंबईतल्या मुलीच्या आसपास इंग्रजीमुळे काम मिळालेली माणसे होती. बँकेत, कचेरीत, टपाल खात्यात ती रोज दिसत. आमच्या वस्तीवर इंग्रजीमुळे नोकरी लागलेले एकही माणूस मुलांनी पाहिलेले नाही. दहा वर्षांनंतरची, न पाहिलेली नोकरी आठवीतल्या मुलाला रात्री आठ वाजता फोन हातात घ्यायला लावत नाही. उपयोग हवा, पण तो डोळ्यांसमोर हवा.

बाटलीवरचा त्रिकोण

हे मला एका सातवीतल्या मुलीने शिकवले. तिचे वडील दुसऱ्याच्या रानात कपाशीवर फवारणी करतात. एका संध्याकाळी तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीचा फोटो गटावर टाकला आणि विचारले, "ताई, यावर काय लिहिलंय?"

पैनगंगेच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी त्या दिवशीचा ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि बाटली वाचायला घेतली. कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिजहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल आणि पिवळ्या त्रिकोणासोबत 'पॉयझन' हा शब्द असतो, निळ्यासोबत 'डेंजर' आणि हिरव्यासोबत 'कॉशन'. तीन शब्द आणि चार रंग, एवढाच धडा.

दुसऱ्या दिवशी सात मुलांनी सात फोटो पाठवले. कुणी गोठ्यातून, कुणी शेजाऱ्याच्या छपरातून. एका मुलाने औषधाची रिकामी बाटली पाणी प्यायला वापरली जात होती ती शोधून काढली आणि आईला फेकून द्यायला लावली. त्या मुलीने वडिलांना तोंडाला फडके बांधायला आणि वाऱ्याच्या उलट दिशेने न फवारायला सांगितले. वडील मला फोनवर म्हणाले, "ताई, आमच्या लेकरायला हेच शिकवा." वर्षभरात एखाद्या बापाने इंग्रजीच्या वर्गासाठी स्वतःहून फोन करण्याची ती पहिली वेळ होती.

तेव्हापासून आमचे धडे घरातल्या वस्तूंवरून निघतात : गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत, बँकेचा मेसेज, खताचे पोते. बारावीनंतर नर्सिंग करायचे असेल तर तो अभ्यास इंग्रजीतून असतो, हेही मोठ्या मुलींना मी सांगते. पण आता नुसते सांगत नाही. नांदेडला नर्सिंग शिकणारी आपल्याच भागातली एक मुलगी महिन्यातून एकदा वर्गाला येते आणि आपले पुस्तक उघडून दाखवते. तिला बघितल्यावर मला वेगळा उपदेश करावा लागत नाही.

पुसलेले सहा संदेश

दुसरी गोष्ट मी उशिरा ओळखली. ऑनलाइन वर्गात मुले कॅमेरा बंद ठेवतात, बोलत नाहीत. मला वाटायचे आळस आहे. एकदा मी प्रत्येकाला एक वाक्य बोलून आवाजाच्या संदेशात पाठवायला सांगितले. सहावीतल्या एका मुलाच्या नावापुढे संदेश आला आणि पुसला गेला. पुन्हा आला, पुन्हा पुसला गेला. असे सहा वेळा. मी चिडून लिहिणार होते की गटावर खेळू नकोस. तेवढ्यात सातवा संदेश आला : "माय नेम इज…" आणि पुढे पूर्ण वाक्य, स्वच्छ.

तो पाण्याच्या टाकीजवळ, जिथे रेंज येते तिथे, एकटा उभा राहून सहा वेळा चुकला होता आणि सातव्यांदा जिंकला होता. वर्गात सगळ्यांसमोर सहा वेळा चुकण्याची मुभा त्याला कोणी दिली नसती. ऑनलाइन शिकण्याचा खरा फायदा मला तिथे दिसला. चुकायला आडोसा मिळतो.

आता प्रत्येक मुलाचा पहिला संदेश मी जपून ठेवते आणि तीन महिन्यांनी त्याला ऐकवते. मुले आधी हसतात, मग गप्प होतात. आपण पुढे आलो आहोत हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू येते. यापेक्षा मोठे प्रमाणपत्र मला छापता आले नसते.

गाडीवाटची मुले

मराठवाड्यातलेच एक उदाहरण सांगते. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) गाडीवाट येथील जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारले, तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकायची आहे? मुलांनी जपानी निवडली. कारण त्यांना यंत्रमानव, म्हणजे रोबो, यांत रस होता आणि ते तंत्रज्ञान जपानमध्ये पुढे आहे हे त्यांना कळले होते. औरंगाबादच्या एका भाषातज्ज्ञाने विनामूल्य शिकवायची तयारी दाखवली आणि २०२० च्या टाळेबंदीत ते वर्ग ऑनलाइन चालले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांना, वर्गात बसलेली मुले 'विषयमित्र' होऊन शिकवत.

यात तीन गोष्टी एकत्र आल्या. भाषा मुलांनी स्वतः निवडली. तिचा धागा त्यांच्या आवडीशी जुळला. आणि शिकलेले दुसऱ्याला शिकवायचे होते, म्हणजे आपली वाट पाहणारे कोणीतरी होते. माणूस आपणहून शिकतो ते आपली निवड, आपली प्रगती आणि आपली माणसे या तिन्हींमुळे, असे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ सांगतात. गाडीवाटच्या शाळेत त्याचा प्रत्यय आला.

शनिवारची आजी

आता सर्वांत महत्त्वाचे. सुगता मित्रा यांचे नाव आपण ऐकले असेल. १९९९ साली त्यांनी दिल्लीत कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवून वस्तीतल्या मुलांना मोकळा सोडला होता. २००९ पासून त्यांच्या कामातून इंग्लंडमधील निवृत्त शिक्षिका आणि इतर स्वयंसेवक इंटरनेटवरून भारतातील मुलांशी गप्पा मारू लागले. या मंडळींना 'ग्रॅनी क्लाउड' म्हणतात, म्हणजे ढगातल्या आज्याच! पुढे आपल्या महाराष्ट्रात फलटण येथेही असे केंद्र चालले. या आज्या व्याकरण शिकवत नाहीत. गोष्ट सांगतात, प्रश्न विचारतात आणि मूल काही बोलले की कौतुकाने म्हणतात, "अरे वा, मला नव्हतं माहीत!"

हे वाचून आम्ही आपल्याच एका वाचक भगिनींना विचारले. पुण्यातल्या या निवृत्त परिचारिका दर शनिवारी वीस मिनिटे वर्गात येतात. मुले त्यांना 'शनिवारची आजी' म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी इंग्रजीत विचारले की तुमच्या शेतात काय आहे. मुलांनी कापसाचे बोंड कॅमेऱ्यासमोर धरले. आजींना वखर म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. मग सगळा वर्ग वखर समजावून सांगायला धडपडू लागला. शब्द सापडेना तेव्हा एकाने हातवारे केले, एकाने चित्र काढले, एकाने धावत जाऊन अंगणातला वखरच दाखवला. त्या वीस मिनिटांत मुले जेवढे इंग्रजी बोलली तेवढे वर्षभरात बोलली नव्हती. कारण पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही होते आणि ते ऐकायला उत्सुक माणूस पलीकडे होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेला. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी बोस्टनला त्यांच्या कामाला मदत करणारी संस्था उभी राहिली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. रमाबाईंना इंग्रजीत सांगण्यासारखे काही होते : आपल्या विधवा भगिनींचे दुःख. बोंड दाखवणारे आमचे मूल त्याच वाटेवरचे पहिले पाऊल टाकत आहे.

मध्यंतरी आजी आजारी पडल्या, दोन शनिवार आल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी मी वर्ग उघडायच्या आधीच मुले जोडलेली होती. पहिला प्रश्न आला, "ताई, पलीकडे कोण आहे?" आजीच होत्या. त्या दिवशी मला भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

जे प्रेरणेने सुटत नाही

सगळेच मनाच्या इच्छेवर सोडून आपण मोकळे होऊ नये. 'असर' या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली मुले २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. पण २०२१ च्या पाहणीत दिसले की घरात फोन असूनही चारांतल्या एका मुलाला तो वापरायला मिळत नाही. आमच्याकडे फोन दिवसभर बापाच्या खिशात, रानात असतो. सकाळी अकराचा वर्ग मी रात्री आठला आणला, तेव्हा काही न करता चार मुले परत आली. त्यांना इच्छा होतीच, फोन नव्हता.

आणि दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. आमची एक हुशार मुलगी आईवडिलांबरोबर गेली. महिनाभर तिच्याकडून काहीच आले नाही. मग एका रात्री साडेनऊला तिच्या वडिलांच्या नंबरवरून आवाज आला. मागे ट्रॅक्टर चालू होता. "इट इज नाईट. माय मदर इज टायर्ड. टेल आजी." तीन वाक्ये. ती अजून वर्गात नियमित परतलेली नाही आणि परतेलच असे मी म्हणू शकत नाही. पण त्या फडातही तिला कुणाला तरी काही कळवावेसे वाटले, आणि त्यासाठी तिने इंग्रजी निवडले.

आज वर्गात १५ मुले आहेत. २३ नाहीत, पण ६ ही नाहीत.

आपण काय करू शकतो

भाऊ, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : मुलांना शिकायचे आहे. फोन आणि रिचार्ज लागतातच, ती मदत चालू ठेवा. पण फोन दिल्यावर पलीकडे माणूसही द्या. आठवड्यातून वीस मिनिटे देऊ शकणारे पाच जण आम्हाला हवे आहेत. एक आजी आजारी पडली की वर्ग थांबतो, असे पुन्हा होऊ नये. आपले इंग्रजी फार चांगले असण्याची गरज नाही. ऐकण्याची आवड आणि दर आठवड्याला न चुकता येण्याची तयारी मात्र हवी, कारण दोनदा येऊन नाहीसे होणारे माणूस मुलांना न आलेल्या माणसापेक्षा जास्त दुखावते. आमचा नियम एकच आणि कडक आहे : शिक्षिका जोडलेली असल्याशिवाय बोलणे नाही, आणि मुलांचे फोन नंबर कुणालाही दिले जात नाहीत.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपण स्वतः एखादी भाषा किंवा कौशल्य कशामुळे शिकलो? बक्षिसामुळे, गरजेमुळे, की एखाद्या माणसामुळे?

२. आपल्या मुलांना किंवा नातवंडांना आपण अभ्यासासाठी कोणती भीती दाखवतो? त्याऐवजी आज, याच आठवड्यात होणारा कोणता उपयोग दाखवता येईल?

३. मूल आपल्यासमोर चुकते तेव्हा त्याला सातव्यांदा प्रयत्न करण्याइतका आडोसा आपण देतो का?

४. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक, परिचारिका किंवा कर्मचारी कोण आहेत, ज्यांची कोणीतरी वाट पाहावी असे त्यांनाही वाटत असेल?

शेवटचा प्रश्न घाईने सोडवू नका. पुण्याच्या आजींनी मला परवा सांगितले, "शनिवारी सकाळपासून मी घड्याळ बघत असते." वाट दोन्हीकडून पाहिली जाते.